जोडून आलेली सुट्टी आणि सायकल

डिसेंबर तोंडावर आला की पुण्या-मुंबईच्या सायकलवाल्यांत एकच बेत शिजू लागतो. नाताळची सुट्टी, तिला जोडून दोन रजा आणि सागरी मार्गाने गोवा. नकाशावर हे फार देखणं दिसतं. अलिबागपासून निघालेली रेघ समुद्राला धरून मुरुड, श्रीवर्धन, दापोली, गुहागर, रत्नागिरी, देवगड, मालवण, वेंगुर्ले करत तेरेखोलच्या खाडीपाशी गोव्यात शिरते. अंतर सहाशे किलोमीटरच्या आसपास. पाचाने भागलं की दिवसाला १२०. ‘त्यात काय, रविवारी लोणावळा करून येतोच की आपण’, असं कुणीतरी म्हणतं आणि मुक्कामाच्या खोल्या ठरतात.

हा बेत अशक्य नाही. पण चार-पाच दिवसांच्या सुट्टीसाठी तो चुकीचा आहे, असं माझं मत आहे. लांब पल्ल्याच्या सायकलिंगची हौस गेल्या दहा-पंधरा वर्षांत आपल्याकडे फोफावली, ही चांगलीच गोष्ट. नाशिकच्या हितेंद्र आणि महेंद्र या महाजन बंधूंनी २०१५मध्ये दोघांच्या संघाने ‘रेस अक्रॉस अमेरिका’ पुरी केली. २०१७मध्ये श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे अमित समर्थ यांनी तीच शर्यत एकट्याने पार केली. ब्रेव्हे, म्हणजे ठरल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या फेरीचे २०० किलोमीटर साडेतेरा तासांत आणि ६०० किलोमीटर ४० तासांत संपवणारे लोक आता जिल्ह्याच्या गावांतही भेटतात. पण या सगळ्यातून सुट्टी मोजायचं मापही तेच झालं: एकूण किलोमीटर. ब्रेव्हेत घड्याळाशी झुंज असते, मागे सामान नसतं आणि दुसऱ्या दिवशी पाय चालले नाहीत तरी बिघडत नाही. सुट्टीत सलग चार सकाळी उठायचं असतं, सामान वाहायचं असतं आणि पाचव्या दिवशी कामावर हजर व्हायचं असतं.

शिवाय कोकणचा रस्ता किनाऱ्याचा असला तरी सपाट नाही. जांभ्याचा सडा समुद्रापर्यंत आलेला आणि त्याला दर काही किलोमीटरवर खाडीने चीर पाडलेली. त्यामुळे प्रत्येक खाडीशी उतरायचं आणि पलीकडे पुन्हा शंभर-दीडशे मीटर चढायचं. ७०-८० किलोमीटरच्या दिवसात हजार मीटरची चढाई सहज जमा होते, म्हणजे पाय एका बऱ्यापैकी घाटाएवढे खर्ची पडतात. हे चढ लांब नसतात, पण उभे असतात, आणि रविवारी सवयीच्या गतीने बोरघाट चढणाऱ्यालाही इथे दर अर्ध्या तासाला गिअर शोधावा लागतो. डिसेंबरच्या अखेरीस सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि सहाच्या सुमारास मावळतो. मधल्या अकरा तासांतून दुपारचं ऊन, जेवण, फेरीबोटीची वाट पाहणं आणि एखादा पंक्चर वजा केला, तर सामानासह ताशी पंधराच्या सरासरीने १२० किलोमीटर म्हणजे अंधारात शेवटचा चढ चढणं आलंच. किल्ला, देऊळ, किनारा हे मग फक्त फोटोपुरते.

आखणीचे मुख्य प्रकार तीन. पहिला रेषेतला: आज या गावी, उद्या पुढच्या. दुसरा एका गावी मुक्काम ठोकून रोज वेगळ्या दिशेला फिरून परत येण्याचा. तिसरा खरं तर सर्वांत जास्त लोकांच्या वाट्याला येतो: सुट्टी कुटुंबाची आहे आणि त्यात सायकल चोरून बसवायची आहे. याशिवाय सामान गाडीतून येतं, खाणं-पिणं कुणीतरी पाहतं अशा आयोजित सहलीही निघतात. पहिल्यांदा जाणाऱ्याला त्या सोयीच्या पडतात, पण तिथे आखणीच दुसऱ्याच्या हातात असते. तेव्हा त्यांचा विचार इथे करत नाही.

तिन्ही प्रकारांना एक नियम लागू आहे, आणि त्याबद्दल बोललं जातं त्याहून तो कितीतरी महत्त्वाचा आहे. आखणी परतीपासून सुरू करावी. शेवटच्या दिवशी सायकलसकट घरी कसं यायचं हे आधी पक्कं झालं, की मार्ग आपोआप ठरतो. उलट केलं की वेंगुर्ल्याला पोचल्यावर रात्रीच्या ट्रॅव्हल्सवाल्याची मनधरणी करत उभं राहावं लागतं.

सायकल नेण्याच्या वाटा आपल्याकडे आहेत, पण एकही निर्धास्त म्हणावी अशी नाही. रेल्वेत सायकल सामान म्हणून नोंदवता येते. पार्सल कार्यालयात जाऊन पावती घ्यायची, सायकलला नाव-स्टेशनची पट्टी बांधायची आणि ती ब्रेक व्हॅनमध्ये चढवायची. मोठ्या स्टेशनावरून मोठ्या स्टेशनाला जायचं तर ही पद्धत ठीक. खेड, कुडाळसारख्या ठिकाणी गाडी दोन-तीन मिनिटं थांबते. तेवढ्यात व्हॅनचं दार उघडून आपली सायकल खाली येईल की नाही, याची धाकधूक राहते. म्हणून बरेच जण दोन्ही चाकं काढून सायकल पिशवीत भरतात आणि डब्यात सोबत नेतात. नियमाच्या मापात ती बसत नाही, कारण डब्यात न्यायच्या पेटीची मर्यादा १०० बाय ६० बाय २५ सेंटिमीटर अशी आहे. तेव्हा सगळं तिकीट तपासनिसाच्या मर्जीवर. शेवटच्या बर्थजवळची जागा गाठावी, वाट अडवू नये आणि सहप्रवाशांशी आधी दोन शब्द गोड बोलावेत.

खासगी ट्रॅव्हल्सच्या डिकीत सायकल सहज जाते, पैसे मात्र चढवताना ठरवून घ्यावेत, उतरताना नव्हे. तिच्यावर इतर बोजे पडतात आणि वाकतो तो मागच्या डिरेलरचा, म्हणजे गिअर बदलणाऱ्या यंत्रणेचा, हँगर. हा बोटभर लांबीचा तुकडा प्रत्येक सायकलचा वेगळा असतो आणि मालवणात काय, कोल्हापुरातही मिळेलच असं नाही. सुट्टीवर निघताना जास्तीची एकच वस्तू घ्यायची असेल, तर हा हँगर घ्यावा. एसटीच्या टपावर सायकल टाकून गावी जाण्याचे दिवस आता सरत आलेत. तरी आतल्या रस्त्यांवर कंडक्टर भला असला तर अजूनही सोय होते. स्वतःची मोटार आणि मागे रॅक हा सर्वांत सोपा मार्ग, फक्त मग मार्ग रेषेचा ठेवता येत नाही, कारण मोटारीपाशी परत यावं लागतं.

मुंबईकरांना एक चांगली सोय आहे. २०२०मध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो फेरीबोट सुरू झाली. तासाभरात सायकल मांडव्याच्या जेटीवर उतरते आणि पनवेल-पेणचा धुरळा टळतो. शहराबाहेर सायकलने पडणं किती अवघड झालंय हे लक्षात घेतलं, तर तिचं मोल कळतं. द्रुतगती मार्गावर सायकलला मज्जाव, वांद्रे-वरळी सागरी सेतूवर मज्जाव, २०२४मध्ये खुल्या झालेल्या अटल सेतूवरही मज्जाव. नवा रस्ता म्हणजे सायकलला बंद रस्ता असं समीकरणच झालं आहे.

आता मुक्काम ठोकून फिरण्याबद्दल. गोवा गाठण्याचा मान त्यात नाही, म्हणून हा प्रकार कमी प्रतिष्ठेचा मानला जातो. पण चार दिवसांच्या सुट्टीत सर्वांत जास्त सायकलिंग यातच होतं. सामान खोलीत राहतं. सायकल हलकी, म्हणून तेच चढ निम्मे वाटतात. एखाद्या दिवशी गुडघा कुरकुरला किंवा रात्री तिखट जेवण बाधलं तर फेरी लहान करता येते. रेषेच्या प्रवासात ही मुभा नसते, पुढच्या गावातली खोली वाट पाहत असते.

कोकणात यासाठी दापोलीसारखं गाव नाही. समुद्रसपाटीपासून अडीचशे मीटरच्या आसपास उंचीवर असल्यामुळे रात्री हवा थंड, आणि सात-आठ किलोमीटरवर खाली किनारा. कर्दे, मुरुड, लाडघर, हर्णे, आंजर्ले, केळशी, दाभोळ, पन्हाळेकाजीची लेणी, साने गुरुजींचं पालगड, टिळकांचं मूळ गाव चिखलगाव, सगळं अर्ध्या-पाऊण दिवसाच्या टप्प्यात येतं. एकच अट: इथली प्रत्येक फेरी आधी उतार देते आणि दमल्यावर चढ वसूल करते. म्हणून हर्णेला संध्याकाळचा मासळीचा लिलाव पाहायचा असेल, तर परतीचा चढ अंधारात येईल हे धरूनच दिवे लावून निघावं.

मुंबईकराने चार दिवसांत काय करावं असं विचारलं, तर मी मुक्काम आणि रेष यांची सांगड सुचवतो. रात्रीची कोकणकन्या किंवा तुतारी एक्स्प्रेस धरावी, पहाटे खेडला उतरावं, उजाडल्यावर चढ चढून तीसेक किलोमीटरवरच्या दापोलीला पोचावं. तो दिवस तेवढाच. दुसऱ्या दिवशी आंजर्ले-केळशी करून परत, तिसऱ्या दिवशी सकाळी जवळचा किनारा आणि बाकी आराम. चौथ्या दिवशी सामान बांधून दाभोळला उतरायचं, फेरीबोटीने धोपाव्याला जायचं, एन्रॉनमुळे गाजलेल्या वीजप्रकल्पाच्या बाजूने गुहागर गाठायचं आणि शृंगारतळी, मार्गताम्हाने करत चिपळूण. नव्वद-पंचाण्णव किलोमीटर होतात, पण ते शेवटच्या दिवशी, आणि चिपळूणला रात्रीची गाडी असते. येताना एक स्टेशन, जाताना दुसरं, त्यामुळे एकही रस्ता उगाच दोनदा तुडवावा लागत नाही.

देशावरच्यांसाठी वाई. पुण्याहून सायकलनेच जायचं तर राष्ट्रीय महामार्गाने खंबाटकीत ट्रकांच्या रांगेत न शिरता कापूरहोळहून भोर आणि मांढरदेवीचा घाट धरावा. चढ दमछाक करणारा आहे, पण वाहनं कमी. मांढरदेवीची यात्रा पौषात असते, तेवढे दिवस मात्र हा रस्ता टाळावा. वाईत मुक्काम करून एक सकाळ पसरणी घाटाला द्यावी. बारा-तेरा किलोमीटर, चढण नियमित, वळणावळणाला धोमचं पाणी खाली सरकत जातं. नव्या माणसाला घाट शिकायला याहून चांगली शाळा नाही. एक सकाळ मेणवलीचा नाना फडणवीसांचा वाडा आणि धोम धरणाच्या काठाचा सपाट रस्ता. पाचगणीहून महाबळेश्वरला जाणारा वीसेक किलोमीटरचा रस्ता शनिवार-रविवारी दहानंतर मोटारींनी तुंबतो. तो सकाळी आठच्या आत उरकावा, नाहीतर सोडून द्यावा.

ज्यांचे पाय तयार आहेत त्यांच्यासाठी दोन टप्पे सांगतो. पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वर म्हणजे चाळीसेक किलोमीटरमध्ये जवळपास समुद्रसपाटीपासून १,३५० मीटरपर्यंत. राज्यातल्या मोठ्या चढायांपैकी ही एक. दुसरा टप्पा त्याहून सुंदर आणि फार कमी जण करतात: महाबळेश्वरहून तापोळ्याला उतरायचं, लाँचने शिवसागर जलाशय ओलांडून बामणोली, तिथून चढून कासचं पठार आणि पुढे साताऱ्याला उतार. कासला फुलं ऑगस्ट-सप्टेंबरात असतात आणि गर्दीही तेव्हाच. सायकलवाल्याने थंडीत जावं. लाँचवाल्याशी सायकलचं आधी बोलून ठेवलेलं बरं.

सिंधुदुर्गात कुडाळ स्टेशनला उतरून मालवण गाठता येतं. तारकर्ली-देवबागची सपाट पट्टी मुलांना सोबत घेऊन फिरण्यासारखी, तर आचऱ्यावरून कुणकेश्वर हा पूर्ण दिवसाचा चढउतार. गोव्यात मात्र माझं मत उत्तरेच्या विरुद्ध पडतं. कळंगुट-बागा परिसरात भाड्याच्या दुचाक्या आणि मोटारी यांच्यात सायकल चालवणं म्हणजे जिवाशी खेळ. दक्षिणेत काणकोणला राहून पाळोळे, आगोंद, काब द राम, बेतूल हा रस्ता करावा: अरुंद, सावलीचा, चढाचा आणि बऱ्यापैकी निवांत. पणजीत अडकलात तर रायबंदरहून फेरीबोटीने चोडण किंवा दिवाडी बेटावर जावं. तिथे सकाळी दोन तास कसे जातात कळत नाही. चोडणला सलीम अलींच्या नावाचं पक्षी अभयारण्य आहे, तेव्हा दुर्बीण असेल तर घ्यावी.

कुटुंबाच्या सुट्टीत सायकल नेणाऱ्याचं गणित सोपं, पण कडक आहे. सकाळी सहा ते दहा हे चार तास आपले, त्यानंतरचा दिवस घरच्यांचा. दहाला म्हणजे दहाला, सव्वादहाला नव्हे. घरची मंडळी नाश्त्याला बसतील तेव्हा अंघोळ करून टेबलाशी हजर असणारा माणूस पुढच्या वर्षीही सायकल नेऊ शकतो. चार तासांत पन्नास-साठ किलोमीटर होतात, तीन सकाळींत दीडशेच्या पुढे. पूर्ण वेळ सायकलच्या सहलीवर गेलेल्या कित्येकांचे याहून फार जास्त होत नाहीत, असं माझं निरीक्षण आहे.

वाऱ्याचा विचार आपल्याकडे कुणी फारसा करत नाही. कोकण किनाऱ्यावर थंडीत पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वाहतो, मंद आणि गार. अकरा-बारानंतर समुद्रावरून वायव्येचा वारा सुटतो आणि दुपारी चांगलाच जोर धरतो. रेषेचा प्रवास करायचाच असेल तर तो उत्तरेकडून दक्षिणेकडे का करावा, याचं हे कारण. उलट निघालेला माणूस रोज दुपारी वाऱ्याला छाती देत बसतो. मुक्कामाच्या फेरीतही सकाळी उत्तरेला निघावं, म्हणजे परतताना वारा पाठीशी येतो.

ऋतूंबाबत थोडक्यात. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ उत्तम. ऑक्टोबरचा उकाडा कोकणात एप्रिलइतकाच पिळतो. पावसाळ्यात सह्याद्री देखणा असतो हे खरं, पण त्याच वेळी ताम्हिणीत पर्यटकांच्या मोटारींची रांग लागते, आंबोलीत वर्षाला सात मीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि घाट खचतात. जुलै २०२१च्या पावसात आंबेनळी घाट वाहून गेल्यासारखा झाला होता, आणि वरंधा घाट तर पावसाळ्यात बंद ठेवला जाणं नेहमीचंच. पावसात घाटात जायचं तर जिल्हा प्रशासनाची सूचना त्याच आठवड्यात पाहावी, मागच्या वर्षीच्या अनुभवावर विसंबू नये.

राष्ट्रीय महामार्ग ६६, म्हणजे आपला मुंबई-गोवा रस्ता, केवळ एका ठिकाणाहून दुसरीकडे जाण्यापुरता वापरावा. २०११पासून त्याच्या चौपदरीकरणाची कहाणी चालू आहे. जिथे रस्ता पुरा झालाय तिथे वाहनं सुसाट, जिथे नाही तिथे खड्डे आणि वळणरस्ते. नकाशाचं ॲप वेळ वाचवायला सारखं तिकडेच ओढतं. म्हणून मार्ग स्वतः गाव-गाव टाकून आखावा, उंचीचा आलेख पाहावा आणि इतर सायकलवाले कुठून गेलेत हे स्ट्राव्हा या सायकलवाल्यांच्या ॲपच्या नकाशावर तपासावं. ज्या रस्त्यावर कुणाच्याच चाकाची रेघ नाही, तिथे बहुधा काहीतरी कारण असतं. फेरीबोटींच्या वेळा मात्र फोन करूनच विचाराव्यात. आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेश्वी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड, यांपैकी एक बोट हुकली तर खाडीला वळसा घालायला कित्येकदा अख्खा दिवस जातो. धक्क्याच्या उतारावर शेवाळ असतं, तिथे सायकल हातात धरून चालावं.

सायकलबद्दल फार लिहिण्यात अर्थ नाही, जी आहे ती चालते. दोनच बदल करण्यासारखे. मागे ३२ किंवा ३४ दात्यांचं मोठं चक्र असावं, आणि टायर २८ मिलिमीटरहून बारीक नसावेत. देशावर बाभळीचे काटे आहेत, तेव्हा दोन ट्यूब आणि पंप हवेतच. दिवसाही मागचा दिवा लुकलुकता ठेवावा. भरल्या सामानाने घाट उतरताना ब्रेक सतत दाबून धरू नयेत, रिम तापते. कोकणातून आल्यावर गोड्या पाण्याने सायकल पुसून चेनला तेल द्यावं, खारी हवा आठवडाभरात गंज चढवते.

खाण्याचं मात्र आपल्याकडे भाग्य आहे. पहाटे निघताना केळी, खजूर, शेंगदाण्याची चिक्की खिशात. नऊच्या सुमारास घावन किंवा पोहे, आणि तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी. कोकम सरबतात मीठ-साखर दोन्ही असतं, महागड्या पुड्यांची गरज भासत नाही. दुपारची माशाची थाळी मात्र सायकल संपल्यावर. ती खाऊन चढ चढायला निघालेला माणूस दाभोळच्या वळणावर हमखास बसलेला दिसतो.

जपानमध्ये ओनोमिचीपासून इमाबारीपर्यंत बेटांना जोडणारा शिमानामी काइदो नावाचा सत्तरेक किलोमीटरचा मार्ग आहे. रस्त्याच्या कडेला निळी रेघ आखलेली आहे, तिच्या मागे जायचं. एका टोकाला भाड्याने घेतलेली सायकल दुसऱ्या टोकाला परत करता येते. निसर्ग आपल्या कोकणाहून फार वेगळा नाही: बेटं, खाड्या, पूल, कोळ्यांची गावं. फरक सोयीचा आहे. आता रेवस ते रेडी सागरी महामार्गाचं काम हाती घेतलेलं आहे, खाड्यांवर पूल होणार आहेत. ते झाल्यावर फेरीबोटींची गरज उरणार नाही आणि मोटारींचा वेगही वाढेल. त्या पुलांवरही ‘सायकलला मनाई’ची पाटी लागली, तर कोकणच्या किनाऱ्याने सायकल नेणंच बंद होईल. पुलांचे आराखडे होतानाच कडेला दीड-दोन मीटरची पट्टी मागून घ्यायला हवी, आणि कोकण रेल्वेच्या एखाद्या रात्रीच्या गाडीत दहा सायकली टांगायची जागा. गावोगावच्या सायकल क्लबांनी या दोन मागण्यांची पत्रं आपापल्या आमदारांना आणि कोकण रेल्वेला याच हंगामात पाठवावीत.